गंगारामचं वय

"ह्यो एवढोसो कित्याक केलंस?" तुळसाकाकीने विचारलं आणि शर्मिलाचं माऊसवरचं बोट जागच्या जागी थांबलं. मॉनिटरवर पाच वर्षांचा एक मुलगा उभा होता. दोन दिवस खपून शर्मिलाने तो तयार केला होता. त्याच्या धाकट्या भावाचा पहिलीतला फोटो घेतला, भांग दुसऱ्या बाजूला वळवला, हनुवटी जराशी निमुळती केली आणि आईवडिलांच्या खुर्च्यांच्या मधोमध त्याला उभं केलं. म्हातारी रडेल असं धरून तिने टेबलावर पाण्याचा ग्लाससुद्धा भरून ठेवला होता. तुळसाकाकी रडली नाही. मासळीची रिकामी पाटी भिंतीशी टेकवून, पदराला हात पुसून ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि दुसऱ्या कोळणीच्या पाटीतला बांगडा बघावा तसं तिने त्या मुलाकडे बघितलं.

"मगे केवढो होयो?" शर्मिलाने विचारलं.

"त्येचा वय आसा तेवढो. त्रेचाळीस."

माणूस ज्या वयात जातं त्याच वयात थांबतं, ही गोष्ट शर्मिलाने कधी तपासून बघितली नव्हती. मालवणच्या भरड नाक्यावरच्या या स्टुडिओत तिला सहा वर्षं झाली होती, आणि त्यातली पाच या कॉम्प्युटरसमोर गेली होती. तिच्या कामाला सगळे मिक्सिंग म्हणत. कुवेतला असलेला भाऊ इथल्या बहिणीच्या लग्नात उभा करायचा. नातू जन्मायच्या आधी गेलेल्या आजोबांच्या मांडीवर नातू बसवायचा. भांडून वेगळे झालेले दोन भाऊ आईच्या पंचाहत्तरीपुरते एका सोफ्यावर आणायचे. मालक हरिश्चंद्र पूर्वी हेच काम कात्री, डिंक आणि बारीक ब्रशने करायचे आणि जोड कुठेतरी दिसायचाच. आता दिसत नसे. जोड दिसला नाही की लोक खूश होत, आणि शर्मिलाला मात्र फोटो देऊन झाल्यावर वाटत राही की ती माणसं अजूनही एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत आणि ते फक्त तिलाच माहीत आहे. पण या सगळ्यांत मेलेली माणसं मेली त्याच वयाची असत. आजोबा सत्तरचे गेले तर सत्तरचे. हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. त्यांचे फोटो तेवढेच होते, म्हणून ते तेवढे होते. गंगारामचा फोटोच नव्हता, आणि म्हणून त्याला थांबवून धरणारं काही नव्हतं.

काम आलं होतं ते वेगळंच. तुळसाकाकीचा मुलगा जितेंद्र मुंबईत नोकरीला, त्याने आचऱ्याला नवीन घर बांधलं होतं. पुढच्या रविवारी घरभरणी होती आणि समोरच्या खोलीत लावायला त्याला अख्ख्या कुटुंबाचा मोठा फोटो हवा होता. तसा फोटो कधी निघालाच नव्हता. वडील तुकाराम वारले त्याला बारा वर्षं झाली होती, बहीण सुगंधा मिठबावला दिलेली. जितेंद्रने फोनवरून हरिश्चंद्रांना सगळं समजावलं: आईवडील बसलेले, मागे तो आणि सुगंधा, चार माणसं. फोटो आईबरोबर पाठवतो म्हणाला. तुळसाकाकी पहाटेच्या एसटीने मासळी घेऊन मालवणच्या बाजारात यायचीच, विक्री संपवून ती प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली, शर्मिलाने तिचा खुर्चीत बसून फोटो काढला, आणि उठता उठता ती अगदी सहज म्हणाली, "पाचवो गंगाराम. थोरलो. पाच वर्सांचो असताना गेलो. त्येचो फोटो नाय. तू कर." जितेंद्रला हे माहीत आहे का, असं विचारायला हवं होतं. शर्मिलाने विचारलं नाही. नसलेल्या फोटोतून माणूस कसं काढायचं, या कुतूहलाने तिला इतकं घेरलं की बाकी सगळं मागे पडलं.

आणि आता तो त्रेचाळीस वर्षांचा हवा होता. "पण काकी," तिने विचारलं, "त्रेचाळीसचो तो कसो दिसता, ता तुका कसा म्हायत?" तुळसाकाकी स्टुलावर बसली. तिला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला असावा. आमच्या शेजारणीचो, लक्ष्मीचो झिल, ती सांगायला लागली, माझ्या गंगारामच्या आधी चार दिवस जन्मलो. त्या मुलाला मिसरूड फुटलं तेव्हा तिने मनात म्हटलं, आता माझ्याही फुटलं असणार. तो होडीवर जायला लागला तेव्हा हाही गेला. त्याचं लग्न झालं त्या दिवशी ती मांडवात न जाता घरी बसून राहिली, कारण याचं लग्न कुणाशी लावायचं ते तिला ठरवता येईना. मग तिने ते राहूनच दिलं. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीच्या मुलाला चष्मा लागला. "ह्येका चष्मो नको घालू हां," ती म्हणाली. "ह्येचे डोळे बरे आसत." हे सगळं ती मासळीच्या भावासारखं सांगत होती, आवाज न हलवता. अडतीस वर्षं ती एका परक्या मुलाच्या अंगाने आपला मुलगा वाढवत आली होती आणि हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. "आणि तोंड?" शर्मिलाने विचारलं. "तोंड ह्येचाच. लक्ष्मीच्या झिलाचा कित्याक असात?"

त्या दिवसापासून तुळसाकाकी रोज साडेअकराला यायला लागली. शर्मिलाने तुकारामच्या फोटोतून कपाळ घेतलं. तो बँकेच्या पासबुकासाठी काढलेला जुना कृष्णधवल फोटो होता. मोठा केला की त्यात वाळूसारखे कण दिसत. जितेंद्रचे डोळे घेतले, ते ऑफिसच्या ओळखपत्रातले, समोरून फ्लॅश पडलेले, बुबुळात पांढरा ठिपका असलेले. जबडा तुळसाकाकीचा घेतला आणि तो पुरुषासारखा रुंद केला. एकाच्या नाकावर उजेड डावीकडून पडत होता आणि दुसऱ्याच्या गालावर सगळीकडून, म्हणून तिने सावल्या पुसून नव्या घातल्या. एकाची कातडी खरखरीत आणि दुसऱ्याची गुळगुळीत, म्हणून दोन्हीवर सारखे कण पेरले. सगळे जोड विझवल्यावर स्क्रीनवर एक माणूस आला. तुळसाकाकीने बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तर सुगंधाचो बापूस." दुसऱ्या दिवशी वडिलांचा अंश कमी केला. "ह्यो जितेंद्र. नुसती मिशी काढलेलो." तिसऱ्या दिवशी ती स्टूल स्क्रीनजवळ ओढून बसली. शर्मिलाला आशा वाटली. मग ती म्हणाली, "ह्यो कोण म्हायत नाय. बरो माणूस आसा. पण माझो नाय."

काय नाही, ते तिला सांगता येत नव्हतं. नाक का, विचारलं तर नाक बरोबर. कपाळ बरोबर. ओठ, तेही असतील. सगळं बरोबर असून माणूस चुकीचा होता, आणि शर्मिलाला या चुकीने अस्वस्थ करून सोडलं. म्हातारीने हे तोंड कधी बघितलेलं नाही. या जगात ते कुणीच बघितलेलं नाही. तरी ती एका क्षणात नाही म्हणते, आणि ते नाही खोटं नसतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळतं. म्हणजे ती कशाशी तरी ताडून बघत होती. कशाशी? शर्मिलाला आपलं लहानपण आठवायला लागलं. तिचे बाबा बोटीवर होते. दहा महिने बाहेर आणि दोन महिने घरी. ते नसत तेव्हा ती त्यांना मनात तयार करायची: डोळे पासपोर्टच्या फोटोतले, आवाज त्यांनी पाठवलेल्या कॅसेटमधला, खोकला शेजारच्या काकांचा, कारण बाबा कसे खोकतात ते ती विसरली होती. हा तयार केलेला बाबा चांगला होता, ती त्याच्याशी शाळेतलं सगळं बोलायची. मग एके दिवशी खरे बाबा बॅगा घेऊन दारात उभे राहत आणि ते दरवेळी थोडे बुटके निघत. ती दोन दिवस माजघरातून बाहेर येत नसे. आईला वाटायचं, पोर लाजते. ती लाजत नव्हती, तिच्या बाबांना या माणसाने कुठे घालवलं ते तिला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी केव्हातरी, बाबा पाठमोरे विहिरीवर आंघोळ करत असताना किंवा चप्पल शोधत असताना, एकदम तो परका माणूस बाबा होऊन जायचा. कशाने, ते तिने तेव्हा बघितलं नव्हतं. आता बाबा निवृत्त होऊन कायमचे घरी होते. गुरुवारी दुपारी जेवताना ती त्यांच्याकडे बघत राहिली, कपाळ, नाक, ओठ असं एकेक झाकून.

"काय बघतंस गो?" बाबांनी विचारलं.

"काय नाय. जेवा तुम्ही."

बाबांनी आमटीची वाटी उचलली, आणि वाटी तोंडाशी नेण्याआधी डोळे वर करून आईकडे एकदा बघितलं, आमटी चांगली झाली आहे हे न बोलता सांगण्यासाठी. शर्मिलाने घास तसाच ठेवला. हे पासपोर्टच्या फोटोत नव्हतं. हे कुठल्याच फोटोत येणार नव्हतं, कारण फोटो काढताना माणूस श्वास धरून समोर बघतो. तुकाराम तसाच बघत होता, जितेंद्र तसाच, आणि तिने त्या दोघांतून केलेला गंगारामही छाती भरून, गप्प, पासबुकावर डकवायला निघाल्यासारखा समोर बघत होता.

शुक्रवारी हरिश्चंद्रांनी तिला हटकलं. लॅबला फाईल शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती, आणि त्यांनी स्क्रीनवर पाच माणसं बघितली. "जितेंद्रान चार सांगले. ह्यो पाचवो खंयसून इलो?" शर्मिलाने सांगितलं. हरिश्चंद्रांनी खुर्ची ओढली. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी या धंद्यात तीस वर्षं काढली होती. "चेडवा, आपण असलेली माणसा जोडतो," ते म्हणाले. "नसलेली करणा आपला काम नाय. उद्या जितेंद्र येतलो, त्येका चारच दाखव." त्यांचं बोलणं तिला चुकीचं वाटलं नाही. उलट इतके दिवस तिला जे आतून टोचत होतं ते त्यांनी सरळ सांगितलं होतं. आपण हे म्हातारीसाठी करतो की हा माणूस कसा दिसतो ते आपल्यालाच बघायचं आहे? पण साडेअकरा वाजत आले होते.

तुळसाकाकी आली तेव्हा शर्मिलाने स्क्रीन बंद ठेवला. "काकी, आज फोटो नाय. माका सांग, तो काय करायचो?" "काय करतलो? पाच वर्सांचा पोर." "तरी. हाक मारलंस तर?" तुळसाकाकीने डोळे बारीक केले. बाहेरून रिक्षा गेली, तिच्या धुराचा वास आत आला. मग ती सावकाश सांगायला लागली. एकदा गावपळणीत, देवाच्या कौलाने सगळा गाव वेशीबाहेर राहायला गेलेला, झावळ्यांच्या झोपड्या बांधलेल्या, हा सारखा वेशीकडे तोंड करून बसायचा. काय बघतोस म्हटलं तर म्हणाला, घरात आता कोण आहे ते बघतो. "असो होतो. हाक मारलंय तर यायचो नाय. आधी मान वळवायचो. डोळे तिकडेच. डोळे मागसून यायचे." तिने स्वतःची मान वळवून दाखवली. पांढरे केस, कानात बुगड्या, आणि क्षणभर त्या वयस्क मानेवर एक पाच वर्षांचं पोर, बोलावलेलं आणि अजून पुरतं न आलेलं.

शर्मिलाने पिशवीतले सगळे फोटो पुन्हा टेबलावर ओतले. सुगंधाच्या लग्नातला एक होता, बिघडलेला म्हणून अल्बममध्ये न लावलेला: कुणीतरी हाक मारली म्हणून नवरीने मान वळवलेली, डोळे अर्धे अजून पहिल्याच जागी. तिने तो स्कॅन केला. तुळसाकाकी बाजूला बसून राहिली आणि तिच्यासमोरच शर्मिलाने सुगंधाच्या कपाळावरच्या मुंडावळ्या पुसल्या, भुवया जाड केल्या, त्या वळलेल्या मानेवर आधी जमवलेलं कपाळ आणि जबडा बसवला. कोन जुळेना, तर जबडा थोडा वाकडाच ठेवला. डोळे मात्र सुगंधाचे तसेच राहू दिले, उशिरा येणारे. दीड वाजून गेला. वीज एकदा गेली आणि आली, तेवढ्यातला भाग पुन्हा करावा लागला. शेवटी तिने हात मागे घेतला. तुळसाकाकीने बघितलं. नाही म्हणायला तिला कधी क्षणापेक्षा जास्त वेळ लागला नव्हता, आणि आता तिच्या तोंडून काहीच येत नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, घरात कुणी मोठं माणूस आल्यावर करतात तसा.

"कानाकडचे केस थोडे पिकव," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "आणि शर्ट चौकड्यांचो. पांढरो त्येका शोभूचो नाय."

शनिवारी दुपारी जितेंद्र आला. सदतीस वर्षांचा, अंगाने भरलेला, घरभरणीच्या धावपळीने घामाघूम. आई बरोबर होती. हरिश्चंद्र काउंटरवरून शर्मिलाकडे बघत होते. दोन्ही फाईली तयार होत्या, एक चारांची आणि एक पाचांची, आणि कुठली उघडायची ते तिने ठरवलं नव्हतं. तुळसाकाकी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि जमिनीकडे बघायला लागली. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच, शर्मिलाच्या मनात आलं, हिला भीती वाटते आहे. तिने पाचांची फाईल उघडली.

"मॅडम, चार माणसं सांगितली होती ना आम्ही?" जितेंद्र म्हणाला. मग तो वाकला. त्याच्या चेहऱ्यावर आधी चूक सापडल्याचा भाव होता, तो हळूहळू गेला. "हे कोण? मामांकडचं कोण आहे का?"

"गंगाराम," आईने जमिनीकडे बघतच सांगितलं.

आपल्या आधी एक झालेला आणि गेलेला, एवढं त्याला ठाऊक होतं. आत्याने कधीतरी सांगितलं होतं. नाव त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. तो शर्मिलाशी बोलत होता ती मुंबईची मराठी सुटली आणि तो घरच्या बोलीवर आला. "आये, माका ह्येचा नाव कोणी कधी सांगूक नाय."

"तू पोटात होतंस. मगे तू झालंस, तुका थोरलो म्हणाक लागले. कसा सांगूचा?"

"कशान गेलो?"

"तापान. दोन दिवस. नदीक पूर, पलीकडे जावक होडी नाय. तिसऱ्या दिवशी होडी गावली."

हरिश्चंद्रांनी उगीच कॅमेऱ्याची लेन्स पुसायला घेतली. जितेंद्र स्क्रीनकडे बघत राहिला. वडिलांना अग्नी त्याने दिला होता, सुगंधाचं कन्यादान त्याने केलं होतं, घर त्याने बांधलं होतं. थोरला म्हणून जे जे करायचं ते सगळं करून तो उद्याच्या घरभरणीला बसणार होता. शर्मिलाला वाटलं, आता तो म्हणेल की हा काढा. म्हणाला असता तर तिने काढला असता; एक थर बंद करायचा, एवढंच काम होतं. तिने माऊसवर बोट ठेवलंसुद्धा.

"मी त्येच्यापेक्षा उंच दिसतंय," तो म्हणाला.

"उंची मी तुमच्याच मापाने..." शर्मिला सांगायला लागली.

"असूंदे, उंच असतत धाकटे. पण मी पुढे उभो आसंय. माका जरा मागे घेवा. त्येका पुढे." तो थांबला, आणि मग अवघडून, लहान आवाजात म्हणाला, "आणि त्येचो हात माझ्या खांद्यार घालूक येयत?"

येईल, शर्मिला म्हणाली, पण हात लागेल. फोटोतल्या कुणाचाच हात मोकळा नव्हता, आणि तो त्या वयाच्या, त्या घरातल्या पुरुषाचा हवा. तिघेही जितेंद्रच्या हाताकडे बघायला लागले. दुसरा हात नव्हताच. त्याने कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा, ती फोटो काढील, मग खांदा पुसून हात तेवढा उचलता येईल. हरिश्चंद्र पुढे आले, तर तुळसाकाकी उठलीच. "माझ्या खांद्यार ठेव," ती म्हणाली, आणि पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. जितेंद्र तिच्या शेजारी उभा राहिला. त्याने हात ठेवला, पण नुसता टेकवल्यासारखा. बोटं सरळ, जुळलेली, नवीन रंगवलेल्या दाराला लावावीत तशी. शर्मिलाने डोळ्याला कॅमेरा लावला. असा हात भावाचा दिसणार नाही, तिने सांगितलं, सैल सोडा. त्याने सोडला, तो अजूनच कडक झाला. दोनदा बटण दाबून तिने मान हलवली.

"आये," जितेंद्र समोर बघतच म्हणाला, "तो माका काय म्हणान हाक मारतलो?"

तुळसाकाकीने हे आजवर मोजलं नव्हतं. वय, मिशी, होडी, लग्न, चष्मा, सगळ्याचा तिने विचार केला होता, पण या दोघांना तिने कधी एकमेकांशी बोलायला लावलं नव्हतं. ती खरोखरच विचार करायला लागली. शर्मिला कॅमेऱ्यामागे वाट बघत राहिली, तिलाही ते ऐकायचं होतं.

"जित्या म्हणतलो," ती म्हणाली. "दुसरा काय?"

त्याला या नावाने आजवर कुणी हाक मारली नव्हती. घरात तो थोरला होता आणि बाहेर जितेंद्र. तो हसला की नाही ते शर्मिलाला दिसलं नाही, कारण चौकटीत फक्त आईचा खांदा होता आणि त्यावरचा हात. त्या हाताची बोटं उघडली, खाली आली, आणि पूर्ण वजनाने खांद्यावर बसली. तिने बटण दाबलं.